कानामागे न पोचलेला हिरवा रंग : 'झॉम्बी लेक' पाहिल्यावर

ज्याँ रोलँ या फ्रेंच भयपटांच्या दिग्दर्शकावर माझा जीव आहे, त्यामुळे हे लिहिताना हात जड झालाय. त्याचा 'झॉम्बी लेक' गेल्या रविवारी पाहिला. मूळ फ्रेंच नाव 'ल लाक दे मॉर व्हिव्हाँ', म्हणजे जिवंत मुडद्यांचं तळं. साल १९८१. माझा भाचा फ्रान्समध्ये ल्योंला शिकतो, त्याने सुट्टीवर येताना डिस्क आणली. "मावशी, हा वाईट आहे असं सगळेच म्हणतात," हे त्याने फोनवर आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, तू आण. रोलँच्या बाबतीत लोकांचं ऐकायचं नाही हे मी ठरवूनच टाकलं होतं. १९६८च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट लागला तेव्हा प्रेक्षक इतके भडकले की पडद्यावर वस्तू फेकल्या. त्याच माणसाच्या चित्रपटांना आज जगभर वेडे चाहते आहेत. तेव्हा लोक काय, म्हणणारच.

या वेळी लोकांचं बरोबर होतं.

मी रंगभूषा करते. माहेर कुडाळजवळचं, मामा दशावतारात राजाची कामं करायचे. आता डोंबिवलीत राहते. व्यावसायिक नाटकं, मधूनमधून मालिका, आणि राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस आले की चार हौशी संस्थांचे फोन. चोवीस वर्षं लोकांचे चेहरे रंगवतेय, त्यामुळे पडद्यावर माझी नजर कुठे जाते ते सांगायला नको. रोलँची ओळखसुद्धा रंगभूषेमुळेच झाली. एका कार्यशाळेत एका मुलाने मला 'ला मॉर्त व्हिव्हांत'मधली दृश्यं दाखवली होती. १९८२चा चित्रपट. पडक्या वाड्याच्या तळघरात रसायनाचं पिंप सांडतं आणि तिथे पुरलेली तरुणी उठून बसते. तिला रक्त लागतं, आणि लहानपणीची तिची मैत्रीण तिच्यासाठी माणसं आणून देते. त्या मुडद्याचे, जखमांचे सगळे परिणाम बेनुआ लेस्तांग नावाच्या पोराने केले होते, आणि तो तेव्हा विशीतही नव्हता. काही ठिकाणी काम कच्चं आहे, दिसतं. पण एकेका जखमेमागे कुणीतरी बसून विचार केलाय हेही दिसतं. मी घरी येऊन तो चित्रपट अख्खा पाहिला आणि शेवटी मैत्रिणीचं जे होतं त्याने दोन दिवस बेचैन होते.

मग एकेक मिळवत गेले. 'ले रेझँ द ला मॉर', १९७८. द्राक्षांच्या मळ्यात फवारलेल्या औषधामुळे गावातली माणसं सडायला लागतात, आणि सडत असताना आपण काय करतोय हे त्यांना कळत असतं. 'ला रोझ द फेर', १९७३. एक जोडपं आमियाँच्या कबरस्तानात शिरतं आणि रात्री त्यांना बाहेरची वाट सापडत नाही. एवढीच गोष्ट, पण मी टीव्हीसमोरून हलले नाही. दिएपजवळ पुर्व्हिल म्हणून एक समुद्रकिनारा आहे, लाकडी खांबांच्या काळ्या रांगा पाण्यात उतरत गेलेल्या. रोलँ आयुष्यभर फिरून फिरून तिथेच कॅमेरा घेऊन गेला. किनारा फुकट, कबरस्तान फुकट, पडका वाडा फुकट. खिशात पैसे नसत, पण जी जागा मिळे तिच्याकडे तो इतका वेळ, इतक्या प्रेमाने बघत राही की गरिबी विसरायला होई. नग्न बायका त्याच्या बहुतेक चित्रपटांत आहेत, रक्तही आहे. त्याशिवाय त्याला कुणी पैसे दिले नसते. तरी मी त्याला कधीच स्वस्त समजले नाही.

आता 'झॉम्बी लेक'. फ्रान्समधलं एक खेडं, शेजारी तळं. महायुद्धात गावकऱ्यांनी जर्मन सैनिकांची एक तुकडी मारून याच तळ्यात टाकलेली. ते सैनिक हिरवे होऊन वर यायला लागतात आणि पोहायला आलेल्या बायकांच्या गळ्याला तोंड लावतात. गावचा महापौर म्हणजे हॉवर्ड व्हर्नन. हा नट मला आवडतो, नुसता खुर्चीत बसला तरी दृश्याला वजन येतं. चौकशी करायला आलेल्या एका पत्रकार बाईला तो जुनी हकीकत सांगतो.

पहिला सैनिक पाण्यातून वर येतो तिथेच माझ्या पोटात गोळा आला. चेहरा हिरवा, ठीक. मुडदा वर्षानुवर्षं पाण्यात आहे, शेवाळी रंग चालेल. त्याने मान वळवली तर जबड्याखाली रंग संपलेला. सरळ रेघेत. त्याच्या खाली माणसाची जिवंत, गुलाबी, थंडीने थोडी लाल झालेली मान. मी डिस्क थांबवली आणि उठून टीव्हीजवळ गेले. कानाची पाळी अर्धी हिरवी, कानामागे काहीच नाही. पुढे एका दृश्यात सैनिक बाईला धरतो आणि त्याच्या गालाचा हिरवा रंग तिच्या अंगाला लागतो. ते तसंच ठेवलंय, दुसऱ्यांदा घेतलेलं नाही. गळ्याला तोंड टेकवलं की लाल रंग ओघळतो, पण तोंड उचलल्यावर जखम नाही, दाताचा व्रणसुद्धा नाही.

मामा मला आठ-नऊ वर्षांची असल्यापासून जत्रेत रंगपटात बसू द्यायचे. देवळामागे गोणपाटाचा आडोसा, एक पिवळा बल्ब, आणि प्रत्येक नट आपापल्या आरशात बघून स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतोय. सफेदा, कुंकू, काजळ. तिथे कोण होतं पैसेवालं? पण मामा चेहरा झाला की माझ्याकडे पाठ करून बसायचे आणि म्हणायचे, "बघ गे बाय, मागसून खंय रवला काय?" मी बोटाने मानेवर दाखवायची, तिथे ते सफेदा ओढायचे. "मानेक रंग नाय तर राजा खंयचो?" समोर बसलेल्या माणसाला मागची मान रात्रभरात दोनदा दिसली तर दिसली. तरी.

मला माहीत आहे की पाण्यातली रंगभूषा अवघड असते. पाण्याने लावायचा पॅनकेक रंग पाण्यात जाणारच. पण तेलकट रंग १९८१ साली होते की. तेलकट बेसचा पातळ थर द्यायचा, वर भरपूर पावडर दाबायची, पाच-सात मिनिटं बसू द्यायची, मऊ ब्रशने झाडायची, आणि हे दोनदा करायचं. नटाला सांगून ठेवायचं, चेहऱ्याला हात लावू नकोस. एवढं केलं तरी घासल्यावर थोडा रंग सुटतो, पण असा ढेकळासारखा नाही. आणि कानामागे रंग लावायला जास्तीचे किती पैसे लागतात? बोटावर उरलेला रंगच तिथे पुसायचा असतो. दोन मिनिटांचं काम. म्हणून सांगते, पैसे नव्हते हे कारण मला पटत नाही. 'ला मॉर्त व्हिव्हांत'लाही पैसे कुठे होते?

पाण्याखालची दृश्यं तर आणखी वाईट. वरून दिसतं ते खरं तळं, झाडं, गवत, सकाळचा उजेड, सगळं छान. कॅमेरा पाण्याखाली गेला की तो पोहण्याचा तलाव आहे. पाणी स्वच्छ निळसर, चार पानं सोडलेली, आणि मागे तलावाची भिंत सरळ दिसते. कॅमेरा दोन हात डावीकडे सरकवला असता तर भिंत गेली असती. ज्या माणसाने पुर्व्हिलच्या खांबांची एकही रांग कधी वाया घालवली नाही, त्याच्या चित्रपटात हे मी बघत होते.

काळाचंही तेच. सैनिक मेले युद्धात, आणि त्यांच्यातल्या एकाची मुलगी आज दहा-बारा वर्षांची. म्हणजे गोष्ट पन्नासच्या दशकातली व्हायला हवी. पण गाड्या, कपडे, बायकांचे केस सगळे चित्रीकरणाच्या सालचे. केसांवर नुसत्या पिना लावून, एक रुमाल बांधून काळ मागे नेता येतो. आमच्या हौशी संस्थांतल्या मुली हे स्वतःचं स्वतः करतात.

मुलींच्या संघाबद्दल लिहायलाच हवं. मध्येच एक गाडी येते, त्यातून खेळाडू मुली उतरतात, कपडे काढून तळ्यात शिरतात आणि मारल्या जातात. कॅमेरा पाण्याखालून वर त्यांच्या मांड्यांकडे रोखलेला, आणि तो तिथेच राहतो. खूप वेळ. रोलँच्या इतर चित्रपटांतल्या बायका उघड्या असल्या तरी त्यांना चेहरा असतो, हट्ट असतो, त्या कुणाकडे तरी बघत असतात. 'ला मॉर्त व्हिव्हांत'मधली ती मेलेली मुलगी जुन्या घरात खेळण्यांना हात लावते तेव्हा तिच्या अंगावर काय आहे काय नाही याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. इथे त्या मुलींना धड नावं नाहीत. तालमीला, चित्रीकरणाला आलेल्या पोरींना कापडाआड उभं करून रंग लावणारी बाई मी. त्या थंड पाण्यात त्या किती वेळ उभ्या असतील, बाहेर आल्यावर कुणी टॉवेल घेऊन उभं होतं का, हेच माझ्या मनात येत राहिलं.

आणि एवढं सगळं असूनही या चित्रपटात एक गोष्ट खरी आहे, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

त्या सैनिकांतला एक युद्धाच्या काळात गावातल्या एका बाईवर जीव लावून होता. बॉम्ब पडत असताना त्याने तिला वाचवलेलं. तिला त्याच्यापासून मुलगी झाली, बाई गेली, तोही मारला गेला. आता तो तळ्यातून उठतो आणि इतरांसारखा गळे धरत न सुटता मुलीला शोधत येतो. मुलीचं नाव हेलेना. ती त्याला घाबरत नाही. हिरवा, ओला, फाटक्या गणवेशातला बाप समोर उभा, आणि ही पोर त्याच्याकडे असं बघते की जणू उशिरा का होईना, घरी आला. दुसरा सैनिक तिच्या वाटेला जातो तेव्हा बाप त्याच्याशी झुंजतो. दोन मुडदे एका मुलीसाठी भांडतायत, आणि संवाद नाही. हे बघताना मी पुढे सरकून बसले. हा रोलँ. मेलेलं माणूस परत येतं आणि जिवंत माणूस त्याचा हात सोडत नाही, ही त्याची जन्मभराची गोष्ट आहे, आणि पुढच्याच वर्षी त्याने ती दोन मैत्रिणींना घेऊन पुरी सांगितली.

शेवटी गावकरी त्या मुलीलाच गळाला लावतात. ताज्या रक्ताची बादली देऊन तिला जुन्या गिरणीत बसवतात, म्हणजे बाप आणि त्याचे साथीदार रक्ताच्या वासाने आत येतील आणि सगळ्यांना एकदम जाळता येईल. दहा-बारा वर्षांच्या पोरीने आपल्या बापाला पुन्हा एकदा मारायला मदत करायची. या एका प्रसंगावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. पण आग लागते, हिरवे नट हात हलवतात, आणि मुलीच्या चेहऱ्याजवळ थांबायला कुणाला सवड नाही.

यामागची हकीकत मला नंतर कळली. हा चित्रपट आधी स्पेनचा जेस फ्रँको करणार होता. तो ऐनवेळी सोडून गेला आणि निर्मात्यांनी घाईघाईने रोलँला बोलावलं. दुसऱ्याने आखलेलं काम, तयारीला दिवस नाहीत. त्याने श्रेयनामावलीत स्वतःचं नावसुद्धा घातलं नाही, जे. ए. लेझर असं टोपणनाव लावलं. पोटासाठी त्याने याआधीही टोपणनावाने प्रौढांसाठीचे चित्रपट केले होते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मीही नको असलेल्या मालिकांना हो म्हटलंय, घराचे हप्ते होते. पण नाव बदललं तरी हात तोच असतो ना. रोलँ यात स्वतः एका तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत दिसतो, म्हणजे तो तिथे कॅमेऱ्यासमोरही उभा होता, ते हिरवे चेहरे त्याने हाताच्या अंतरावरून पाहिले होते. एकदा म्हणायचं होतं, थांबा रे, याची मान रंगवा.

पाचपैकी मी दीड देते. तो दीडही हेलेनाचा आणि तिच्या बापाचा, आणि थोडा हॉवर्ड व्हर्ननचा. रोलँ कधी पाहिला नसेल तर कृपा करून इथून सुरुवात करू नका. 'ला रोझ द फेर' पाहा, रात्री, दिवे मालवून, मध्ये न थांबवता. रक्ताचं वावडं नसेल तर 'ला मॉर्त व्हिव्हांत'. हे दोन्ही आवडले आणि त्याचं सगळंच बघायचं असं मनाने घेतलं, तरच इकडे या.

डिस्क मी ठेवून घेतली आहे. पुढच्या महिन्यात कणकवलीला मुलांची रंगभूषेची कार्यशाळा घ्यायची आहे. तिथे तो मान वळवण्याचा तुकडा दाखवणार आहे, मग पाठोपाठ बाप आणि हेलेना समोरासमोर येतात तो. भाच्याला सांगितलंय, पुढच्या खेपेला रोलँचा माझ्याकडे नसलेला कुठलाही आण, फक्त त्याच्यावर त्याचं खरं नाव असलेला आण.