जॅझ की क्लासिकल? ठाण्यात राहून डबल बास वाजवायचा असेल तर

माझी भाची वाशीला राहते, अठरा वर्षांची आहे, चार वर्षं बास गिटार वाजवतेय. आता तिला उभा डबल बास, म्हणजे माणसाएवढं उंच, व्हायोलिनसारखं दिसणारं वाद्य, घ्यायचाय आणि त्यावरच पोट भरायचंय. गेल्या रविवारी ठाण्याला आली तेव्हा चहा पिण्याआधीच तिने विचारलं, "मामा, जॅझ की क्लासिकल?" क्लासिकल म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय. मी दोन्हीकडे हात मारलेला आणि कुठेच नाव न कमावलेला माणूस. त्यामुळे मला कुणाची वकिली करायची नाही.

बास गिटारची चार वर्षं कामी येतील, पण कानाला, बोटांना नाही. तिथे तारेची लांबी साधारण 86 सेंटिमीटर, इथे 105च्या आसपास. गिटारवर चार बोटांत चार पट्ट्या (फ्रेट) सहज येतात. डबल बासवर खालच्या भागात पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत पंजा ताणला तरी जेमतेम एक पूर्ण स्वर हाती लागतो, आणि अनामिका करंगळीला टेकू देत बसते. पट्ट्याही नाहीत. सूर कुठे आहे ते कानानेच शोधायचं.

जॅझ असो की क्लासिकल, वाद्य तेच, तारांचे सूर तेच: ई, ए, डी, जी. सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झवर बोलते, खर्जाच्याही खाली. फरक पडतो तो उजव्या हातात. क्लासिकलमध्ये गज, जॅझमध्ये मुख्यतः बोट.

क्लासिकलचा दिवस म्हणजे लांब गज, एकेक सूर, आरशासमोर. मोठ्या ऑर्केस्ट्रात आठेक बासवाले असतात आणि तुमचा आवाज वेगळा ऐकू आला तर समजा चुकलात. ऑडिशनला ठरलेले तुकडे असतात. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतल्या तिसऱ्या भागाची ती धावपळ आणि नवव्या सिंफनीत चेलोबरोबर बास अक्षरशः बोलायला लागतात ती जागा, या दोन्हींतून सुटका नाही. परदेशात अनेक ठिकाणी तुम्ही पडद्यामागून वाजवता आणि परीक्षक फक्त ऐकतात.

जॅझमध्ये कागदावर नुसती कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, नावं असतात. बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा ब्लूज हा नेहमीचा साचा; बार म्हणजे साधारण चार ठोक्यांचा एक गट. प्रत्येक ठोक्याला एक सूर, आणि तो सूर कोणता ते तुम्ही त्या क्षणी ठरवायचं. याला वॉकिंग बास म्हणतात. मला विचाराल तर तबल्याचा ठेका आणि तानपुरा ही दोन कामं एकाच माणसाच्या गळ्यात. पियानोवाला चार बार गप्प बसला तर लोकांना ते छान वाटतं. बासवाला गप्प बसला की सगळे वळून बघतात. शिक्षण बरंचसं कानाने, रेकॉर्डवरून उतरवून. घरात गाणं असलेल्या मराठी पोरांना हे लवकर कळतं, असा माझा अनुभव.

आता पैसा. भारतात व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणाल तर एकच, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, 2006 साली सुरू झालेला. त्यातही बरेच वादक परदेशातून येतात. म्हणजे क्लासिकल निवडलं तर बाहेर शिकायला जाणं जवळपास आलंच. जॅझला मुंबईत जुनी परंपरा आहे: तीसच्या दशकातले हॉटेलांतले बँड, मग 1978मध्ये सुरू झालेला जॅझ यात्रा महोत्सव. पण निव्वळ जॅझवर महिना निघत नाही. लग्नं, कॉर्पोरेट कार्यक्रम, शिकवण्या लागतात, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी लोक म्हणतात, "उभा नको, गिटारच आणा."

ठाण्याचे हाल मात्र दोघांना सारखे. एकदा मी बास घेऊन मालडब्यात चढलो. मासळीच्या टोपल्यांमधल्या एका मावशीने विचारलं, "यात काय, मयत हाय का?" मुलुंडपर्यंत डबा हसत होता. जॅझवाल्याची परतीची शेवटची लोकल चुकते, म्हणून मिळकतीतले बरेचसे पैसे टॅक्सीत जातात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा फळीपासून वर उचलल्या जातात, बोटं सोलवटतात. म्हणून उंची कमी-जास्त करता येणारी घोडी बसवून घ्या आणि पहिला बास प्लायवूडचाच घ्या. कोरीव लाकडाचा आवाज गोड, पण आपल्या हवेत त्याचे सांधे सुटतात. तारांच्या एका सेटलाच पंधरा-वीस हजार सहज जातात, त्यात गजाला चांगली तार बोटाला चांगली असेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर जॅझच करायचं असलं तरी पहिली दोन वर्षं गज धरा. बोटाने छेडलेला सूर लगेच विरतो आणि बेसूरपणा त्यात लपून जातो. गजाखाली काहीच लपत नाही. अमेरिकन जॅझ बासवादक रॉन कार्टर आधी चेलो वाजवत, 1959मध्ये ईस्टमन या संगीत विद्यालयातून क्लासिकल शिकून बाहेर पडले. कृष्णवर्णीयांना तेव्हा ऑर्केस्ट्रात दारं बंद होती, म्हणून ते जॅझकडे वळले. 1963पासून प्रसिद्ध जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये होते, आणि पुढे दोन हजारांहून जास्त रेकॉर्डिंगांत वाजवून गिनीज बुकात गेले. उलट दिशेने, म्हणजे जॅझमधून ऑर्केस्ट्रात, उशिरा जाणं फार अवघड. गजाचा हात पंचविशीनंतर मुश्किलीने बसतो.

भाचीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण मामा, आमच्या लिफ्टमध्ये मावेल का?" तिरका धरला तर मावतो. आपण जिन्याने जायचं. सातवा मजला आहे तिचा.