टाइट एंडला कुठे खेळवतात ते आधी बघा: जॉर्जिया, आयोवा, पेन स्टेट आणि फ्लोरिडा

अमेरिकेत हायस्कूलला अमेरिकन फुटबॉलमध्ये टाइट एंडच्या जागी खेळणाऱ्या मुलाला दोन-तीन कॉलेजांकडून बोलावणं आलं की घरात चर्चा सुरू होते ती स्टेडियम केवढं, सामने टीव्हीवर किती दिसतात, तिथून एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, किती जण गेले याची. माझ्या मते या जागेवरच्या मुलासाठी हे सगळं नंतरचं. प्रशिक्षक हाताशी असलेल्या मुलाचे गुण बघून आखणी बदलतात, की ठरलेल्या आखणीत मुलाला कोंबतात, हे आधी तपासायला हवं. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं काम बहुतेक ठिकाणी ओळखीचं असतं. टाइट एंडचं काम मात्र कॉलेजागणिक बदलतं.

याचं मूळ नियमातच आहे. आक्रमणाच्या रेषेवर उभे असणाऱ्यांपैकी फक्त दोन टोकांच्या खेळाडूंना पास झेलता येतो. मधल्यांचं काम अडवण्याचं. टाइट एंड साधारणपणे त्या टोकावरचा. त्याने धिप्पाड बचावपटूला ढकलायचं आणि पुढच्याच डावात धावत जाऊन चेंडूही झेलायचा. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाला फलंदाजीला कितव्या क्रमांकावर पाठवायचं हा जसा प्रत्येक संघाचा वेगळा निर्णय असतो, तसा याला रेषेला चिकटून उभा करायचा, दोन पावलं मागे ठेवायचा, की थेट बाहेर, पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या जागी न्यायचा, हा प्रत्येक प्रशिक्षकाचा वेगळा निर्णय.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे २०२२ चा जॉर्जिया विद्यापीठाचा संघ. तिथे एकाच वेळी दोन टाइट एंड होते आणि दोघांत साम्य जवळजवळ नव्हतंच. डार्नेल वॉशिंग्टन ६ फूट ७ इंच उंच, वजन १२० किलोच्या आसपास. ब्रॉक बॉवर्स त्याच्यापेक्षा बराच बुटका, साधारण ११० किलोचा, पण चेंडू हातात आला की रनिंग बॅकसारखा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूसारखा, पळणारा. आक्रमणाची सूत्रं सांभाळणाऱ्या टॉड मंकन यांनी दोघांना सारखं वागवलं नाही, हेच त्यांचं मोठेपण. वॉशिंग्टनला बहुतेक वेळा रेषेच्या टोकाला ठेवलं. तो तिथे अडवणाऱ्या पाच लाइनमनांच्या जोडीला सहावा लाइनमनच होता. त्या हंगामात त्याचे झेल फक्त २८, त्यांवर पुढे नेलेलं अंतर ४५४ यार्ड. बॉवर्सला मात्र कधी स्लॉटमध्ये (रेषा आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत), कधी मागे, कधी धावत्या हालचालीत खेळवलं. त्याचे ६३ झेल आणि ९४२ यार्ड झाले. केंट स्टेटविरुद्ध तर त्याच्या हाती थेट चेंडू देऊन धाव काढवली आणि तो ७५ यार्ड पळत टचडाउनला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार, गेला.

या जोडीमुळे बचावाची कोंडी कशी व्हायची ते समजून घ्या. समोरच्या संघाने दोन टाइट एंड बघून जादा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला दणकट खेळाडू) आणला, तर तो जड माणूस बॉवर्सच्या मागे धावताना उघडा पडायचा. पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागच्या फळीतले हलके, वेगवान बचावपटू) तसेच ठेवले, तर वॉशिंग्टन त्यांतल्या एखाद्या हलक्या खेळाडूला बाजूला सारून रनिंग बॅकसाठी रस्ता मोकळा करायचा. खेळाडू तेच राहायचे आणि उभं राहण्याची जागा बदलली की डावच बदलायचा. जॉर्जियाने सलग दुसरं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि टीसीयूविरुद्धच्या अंतिम सामन्यात, जो ६५-७ असा संपला, बॉवर्सने १५२ यार्ड काढले. वॉशिंग्टनच्या कामाचा हिशोब आकडेवारीत येत नाही, तरी पुढच्या वर्षी एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजच्या खेळाडूंमधून पाळीपाळीने करायच्या निवडीच्या, तिसऱ्या फेरीत स्टीलर्स संघाने त्याला घेतलं. २८ झेलांच्या मुलाला तिसरी फेरी मिळाली ती त्याच्या ब्लॉकिंगमुळे, म्हणजे अडवण्यामुळे, हे ज्यांचा मुलगा आडदांड आहे त्यांनी नीट लक्षात घ्यावं.

आयोवाची रीत वेगळी. कर्क फेरेन्ट्झ तिथे १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत. त्यांच्याकडे टाइट एंडने आधी अडवायला शिकायचं, झेल त्यानंतर. २०१८ मध्ये त्यांच्याकडेही दोघं होते. नोआ फँट जास्त वेगवान. ४० यार्डांची धाव त्याने ४.५० सेकंदांत मारली, टी. जे. हॉकेन्सनने ४.७० सेकंदांत. तरी मैदानावर जास्त वेळ हॉकेन्सनच असायचा, कारण धाव असो वा पास, त्याला बाहेर काढायची गरज पडत नव्हती. तो मैदानात आहे म्हणून पुढचा डाव कोणता ते समोरच्याला ओळखता येत नसे. त्याने ४९ झेल, ७६० यार्ड घेतले आणि देशातल्या सर्वोत्तम टाइट एंडला मिळणारा जॉन मॅकी पुरस्कार पटकावला. फँटचे झेल ३९, पण झेलून केलेले टचडाउन ७, म्हणजे हॉकेन्सनपेक्षा एक जास्तच. पुढच्या ड्राफ्टमध्ये हॉकेन्सन आठवा, फँट विसावा. एकाच कॉलेजचे दोन टाइट एंड एकाच वर्षी पहिल्या फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ.

मग फँटवर अन्याय झाला का? मला वाटतं, थोडा झाला. इतका वेगवान मुलगा बाकावर बसवण्याऐवजी त्याला रेषेपासून दूर, मोकळ्या जागेत जास्त उभं करता आलं असतं. पण आयोवाची दुसरी बाजूही तितकीच खरी. जॉर्ज किटलचे तिथल्या संपूर्ण कारकिर्दीतले झेल जेमतेम ४८. ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत निवडलेल्या याच मुलाने २०१८ मध्ये एनएफएलमध्ये १,३७७ यार्ड काढले, तेव्हा तो टाइट एंडचा एका हंगामातला विक्रम होता. तुमच्या मुलाला ब्लॉकिंगची मनापासून आवड असेल आणि दोन वर्षं नाव न होता राबायची तयारी असेल, तर आयोवासारखं दुसरं कॉलेज नाही. त्याचा सगळा जीव पळण्यात आणि झेलण्यात असेल, तर तिथे त्याची घुसमट होण्याची शक्यता मोठी.

पेन स्टेटचा टायलर वॉरन २०२४ मध्ये जे खेळला ते पाहताना मला फार आनंद झाला होता. हायस्कूलमध्ये तो क्वार्टरबॅक होता. नवे आक्रमण-प्रशिक्षक अँडी कोटेलनिकी यांनी हे जुनं कसब वाया जाऊ दिलं नाही. त्यांनी त्याला थेट स्नॅप दिला (डाव सुरू होताना मागे येणारा चेंडू क्वार्टरबॅकऐवजी त्याच्या हाती), धावा काढायला लावल्या, पासही फेकायला लावले. यूएससीविरुद्ध तर तो सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू करणाऱ्याच्या, जागी उभा राहिला. रेषेची मांडणी अशी होती की सेंटर टोकाला आला, म्हणजे झेलण्यास पात्र ठरला; त्याने चेंडू मागे दिला आणि स्वतःच पुढे पळत जाऊन टचडाउन झेलला. त्या एका सामन्यात १७ झेल, २२४ यार्ड. हंगामात १०४ झेल, १,२३३ यार्ड आणि मॅकी पुरस्कार.

पण दोन गोष्टी पालकांनी विसरू नयेत. वॉरन २०२० मध्ये कॉलेजात आला आणि हे सगळं घडलं ते पाचव्या वर्षी. त्याच्या पुढे पॅट फ्रायरमथ, ब्रेंटन स्ट्रेंज, थिओ जॉन्सन अशी रांग होती. शिवाय संपूर्ण आक्रमण एका टाइट एंडवर टेकलं की त्याची किंमत मोजावी लागते. नोटर डेमविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पेन स्टेटच्या वाइड रिसीव्हरांना एकही झेल घेता आला नाही आणि संघ २४-२७ असा हरला.

फ्लोरिडाच्या काइल पिट्सबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये ८ सामन्यांत ७७० यार्ड, १२ टचडाउन. त्याला बाहेर नेऊन कॉर्नरबॅकसमोर (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूसमोर) उभं केलं जायचं आणि ६ फूट ६ इंचांच्या त्या मुलाला रोखायला कोणाचेच हात पुरत नसत. ड्राफ्टमध्ये तो चौथा गेला, इतक्या वर कुठलाच टाइट एंड गेला नव्हता. पण अशी उंची आणि असा वेग क्वचितच एका शरीरात येतात. ‘तुम्हाला पिट्ससारखं वापरू’ असं कोणी म्हणालं, तर त्यांच्या आताच्या टाइट एंडचे गेल्या हंगामातले दोन पूर्ण सामने बघा. निवडक क्षणांच्या चित्रफिती नकोत. तिथे फक्त झेल दिसतात.

निवडताना माझा कल असा. मुलगा चपळ असेल, पण त्याला टोकावरच्या धिप्पाड बचावपटूसमोर टिकणं जड जात असेल, तर एकाच वेळी दोन टाइट एंड मैदानात ठेवणारा संघ घ्या; जड काम वाटलं जातं आणि त्याच्या वाट्याला मोकळी जागा येते. उंच, वजनदार, पायांनी जरा मंद मुलालाही तोच संघ चालेल, फक्त तिथे त्याचा जोडीदार वेगवान हवा. दोन्ही कामं बऱ्यापैकी येणाऱ्याने आयोवाच्या धर्तीचा संघ निवडावा. हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक किंवा रनिंग बॅकही खेळलेल्या मुलाने भेटीत ते आवर्जून सांगावं आणि ऐकून प्रशिक्षकांचे डोळे चमकतात का ते बघावं.

आणि प्रशिक्षक बदलतात, हे गृहीत धरूनच चला. मंकन २०२३ मध्ये बॉल्टिमोर रेव्हन्सकडे गेले. पेन स्टेटने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढलं. म्हणून मुख्य प्रशिक्षकांइतकंच आक्रमण-प्रशिक्षक आणि टाइट एंडचे प्रशिक्षक यांच्याशी बोला, आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारा: गेल्या हंगामात तिसऱ्या डाउनला (१० यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) २ यार्ड हवे होते तेव्हा तुमचा टाइट एंड कुठे उभा होता, आणि ८ यार्ड हवे होते तेव्हा कुठे? दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर मुलाची जागा तिथे अजून ठरलेली नाही असं समजा.