बीअर काढताना साका: दुसरं भांडं, थंडावा की नुसता धीर?

(परवान्याशिवाय घरी बीअर करणं महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. हे अमेरिका, ब्रिटनसारख्या, मुभा असलेल्या देशांतल्या मंडळींसाठी.)

वीस लिटर एल (साध्या खोलीच्या तापमानाला आंबणारी बीअर) आंबून झाली की बादलीच्या तळाशी यीस्ट आणि हॉप्सच्या (बीअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) चोथ्याचा साका बसतो. तो बाटलीत जाऊ नये म्हणून तीन वाटा आहेत. हायड्रोमीटर (बीअरची घनता, म्हणजे किती साखर उरली ते दाखवणारी नळी) तीन दिवस तोच आकडा दाखवेपर्यंत मात्र कोणतीच धरू नका. अर्धवट आंबलेल्या बीअरच्या बाटल्या फुटतात.

दुसऱ्या भांड्यात उतरवून निवळू देणं ही जुनी पद्धत. साक्यावर बीअर राहिली तर मेलेलं यीस्ट फुटून जळक्या रबरासारखा वास येतो, ही त्यामागची धास्ती. घरगुती बादलीत तीन-चार आठवड्यांत तसं सहसा होत नाही. उलट उतरवताना हवा मिसळली की हॉप्सचा वास मरतो, पुढे ओल्या पुठ्ठ्याची चव येते. फळं घालायची किंवा महिनोन्‌महिने मुरवायचं असेल, तरच हा खटाटोप.

फ्रिजमध्ये बादली मावत असेल तर थंडावाच उत्तम. १ ते ३ अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस ठेवली की साका घट्ट बसतो. मात्र थंड होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतून) बाहेरची हवा आत ओढली जाते. आंबणं जोरात असतानाच निघणाऱ्या वायूने मायलरचा (चकचकीत प्लॅस्टिकचा) फुगा भरून ठेवा, थंड करताना तो एअरलॉकच्या जागी लावा. दुसरी चूक बाटलीत बुडबुडे यावेत म्हणून भरताना घालायच्या साखरेच्या हिशेबात होते. ही साखर मोजून देणाऱ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये फ्रिजचं नव्हे, आंबल्यानंतर बीअर ज्या सर्वांत गरम तापमानाला होती ते घाला. २० अंशांना वीस लिटरला साधारण ११० ग्रॅम साखर लागते. २ अंश घातले तर हिशेब जेमतेम निम्मी सांगतो आणि बीअरला फेस धरत नाही. बुडबुड्यांपुरतं यीस्ट निवळ बीअरमध्येही उरतं, त्याची काळजी नको.

फ्रिज नसेल तर आणखी आठवडाभर थांबा. इंग्लिश एलचं यीस्ट झटपट बसतं. गव्हाच्या जर्मन बीअरचं रेंगाळतं, पण ती गढूळच शोभते. आदल्या दिवशी बादली टेबलावर चढवून एका बाजूखाली पाचर द्या, म्हणजे हलवताना उठलेला साका रात्रीतून बसेल. सायफनचं (बीअर उपसून काढायच्या नळीचं) टोक वरून सुरू करून पातळीबरोबर खाली न्या. शेवटचा लिटरभर सोडून द्या. त्या लोभापायी चार-पाच बाटल्या गढूळ होतात.

उरलेला साका फेकायचा की विरजणासारखा ठेवायचा? बीअर फार कडक किंवा कडू नसेल, वास स्वच्छ असेल, तर ठेवा. निर्जंतुक बरणीत, थोड्या बीअरसकट, झाकण सैल. घट्ट लावलं तर दाब साठतो. उकळून गार केलेल्या पाण्याने धुण्याची गरज नाही, बीअरमधला अल्कोहोल आणि आंबटपणाच जंतूंना आवर घालतो. दोन आठवड्यांच्या आत वापरायचा असेल, तर पुढच्या वीस लिटरला २०० मिलिलिटर घट्ट साका पुरतो.