विधी महाविद्यालयात पाच कायम शिक्षक की दोन कायम आणि पाच तासिकेवर?

तीन वर्षांच्या एलएल.बी.ची, म्हणजे कायद्याच्या पदवीची, प्रत्येक वर्षी ६० जणांची एकच तुकडी धरू: ६० गुणिले ३, म्हणजे १८० विद्यार्थी. सत्रात पाच विषय असतील, तर कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे विषयाला आठवड्याला चार तास व्याख्यान आणि एक तास ट्युटोरियल. तिन्ही वर्षांचे मिळून आठवड्याला ७५ तास.

यूजीसीनुसार (विद्यापीठ अनुदान आयोग) सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असते आणि मूळ वेतन महिना ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. पाच कायम शिक्षकांत काम भागते. महागाई भत्ता सोडूनच वर्षाला ३४.६२ लाख.

दुसरा पर्याय: दोन कायम, पाच जण तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर, आठवड्याला प्रत्येकी ९ तास. तासाला १,००० रुपये आणि ३० शिकवण्याचे आठवडे धरले तर दोघांच्या पगारासह वर्षाला सुमारे २७.३५ लाख. उन्हाळ्यात तासिकावाल्यांच्या हाती शून्य.

खरी गंमत एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, या गुणोत्तरात आहे. पहिल्यात १८० भागिले ५, म्हणजे ३६. दुसऱ्यात डोकी मोजली की २६! स्वस्त पर्याय कागदावर सरस दिसतो. पण ४५ तासिका म्हणजे जेमतेम २.८ पूर्णवेळ शिक्षक. दोन कायम धरून खरे गुणोत्तर सुमारे ३७.४ येते. माहितीपत्रकातला आकडा वाचताना डोकी मोजलीत की तास, हे आधी विचारावे.

शिवाय मूट कोर्ट (लुटुपुटूच्या खटल्याचा सराव), अंतर्गत मूल्यमापन, विधी सहाय्य केंद्र यांचे तास तासिकेच्या बिलात बसत नाहीत. ते सगळे त्या दोघा कायम शिक्षकांच्याच गळ्यात पडते. तीन आणि पाच वर्षांचे दोन्ही अभ्यासक्रम असतील, तर पहिल्याच वर्षी किमान सहा पूर्णवेळ शिक्षक लागतात. तिथे पाचही अपुरे.