संगणकावर डोंगर झिजवताना: क्यूजीआयएस आणि लँडलॅब, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकते. वर्गात डोंगर नुसता गोल गोल फिरवून दाखवायचा असेल तर या भानगडीत पडू नका, त्याला गुगल अर्थ पुरतं. पण खडक, उतार, काळ यांतली एकच गोष्ट बदलली की भूरूप कसं बदलतं, हे मुलांनी स्वतः करून बघावं असं वाटत असेल तर खटाटोप वसूल होतो. मी पुण्यात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. जूनपासून क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) आणि लँडलॅब (भूरूपं कशी झिजत जातात याचं मॉडेल चालवायचं साधन) वापरतेय. दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे खर्चाची परवानगी मागावी लागली नाही, हे सुख वेगळंच.

क्यूजीआयएसवर हात लवकर बसतो. उंचीची माहिती एसआरटीएमची, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने मोजलेली. पुणे ज्या तुकड्यात येतं त्याचं नाव एन१८ई०७३, आकार जेमतेम २६ एमबी. त्यावरून २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, काढायच्या आणि शेजारी छापील टोपोशीट (भूरूपांचा सविस्तर नकाशा) ठेवायचं. समोच्च रेषा एरवी मुलांच्या डोक्यावरून जातात. इथे सिंहगडाचा छेद त्यांनीच काढला, मग रेषा दाटल्या की चढ उभा, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

एक सेटिंग मात्र सांभाळा. त्रिमितीत उंची तिप्पट करून दाखवली की चित्र झकास दिसतं, पण १३१२ मीटरचा सिंहगड बघून ट्रेकला जाणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हा तर लिंगाणा झाला!" (लिंगाणा म्हणजे रायगडाजवळचा उभा सुळका.) तेव्हापासून पहिलं चित्र एकास एक, फुगवलेलं नंतर.

खडकवासल्याचं पाणी मॉडेलमध्ये टेबलासारखं सपाट येतं, कारण रडारला पाण्याखालची दरी दिसत नाही. आणि उंचीच्या माहितीतली एक चौकट ३० मीटरची असल्यामुळे उभा कडा नुसता तीव्र उतार होऊन बसतो. निघोजचे रांजणखळगे यात शोधू नका. ते कुकडीच्या पात्रात जाऊनच बघायचे.

खरी मजा लँडलॅबमध्ये. ही पायथनमधली लायब्ररी, त्यामुळे पहिले काही आठवडे माझेच हाल झाले. त्यांचे तयार धडे उघडून त्यातले आकडे बदलत शिकले. गणित साधं आहे: नदीत पाणी जास्त आणि उतार तीव्र, तर खोदकाम जास्त, शिवाय डोंगरउतारावरची माती हळूहळू खाली सरकते. मुलांनी सगळीकडे एकसारखा खडक धरून मॉडेल लाखो वर्षं चालवलं. दऱ्या पडल्या, उपनद्या फुटल्या, पण डोंगर निघाले गुळगुळीत. सह्याद्रीच्या पायऱ्यांचा पत्ता नाही. मग आडवे थर घातले: टणक बेसाल्ट, त्याखाली लवकर झिजणारा सच्छिद्र थर, पुन्हा टणक. आता कडा आणि त्याखाली मंद उतार, परत कडा, अशी रचना उमटायला लागली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरला, हे वाक्य मुलं घोकतातच. त्या थरांचा डोंगराच्या आकाराशी काय संबंध, हे या तासाला कळलं. थरांच्या झिजेचे आकडे मी अंदाजाने ठरवलेत, सह्याद्रीत मोजलेले नाहीत, हे दर वेळी बजावून सांगते. पडद्यावर आलं की मुलांना ते खरंच वाटतं.

दुसरा प्रयोग याहून आवडला. पश्चिमेची कड समुद्रसपाटीला ठेवली, पूर्वेची ५०० मीटरवर. कोकणाकडच्या आखूड, तीव्र उताराच्या नद्या घाटमाथा मागे खात निघाल्या आणि जलविभाजक, म्हणजे दोन्हीकडच्या नद्यांचं पाणी वेगळं करणारी उंच रेषा, पूर्वेला सरकत गेला. भीमाशंकरहून पश्चिमेला समुद्र शंभर किलोमीटरसुद्धा नाही, तरी भीमा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे का जाते, यावर एरवी कोणी तोंड उघडत नाही. त्या दिवशी घंटा झाली तरी वाद चालू होता.

तक्रारी आहेतच. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर मॉडेलच्या चौकटींची जाळी मोठी केली की सगळं ठप्प होतं. शंभर बाय शंभरच्या पुढे मी जात नाही. चाळीस मिनिटांच्या तासात मॉडेल बसत नाही, जोडतास लागतो. आणि परीक्षेत शेवटी पेन्सिलीने आकृतीच काढायची असते, त्यामुळे पालकसभेत "याला मार्क किती?" हा प्रश्न ठरलेला. त्यावर माझा तोडगा म्हणजे पडद्यावरचा छेद त्याच तासाला वहीत काढून घेणे, नावांसकट.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी निदान एक सत्र फक्त क्यूजीआयएसवर काढावं आणि लँडलॅब आधी घरी चालवून बघावं. हिमनदीच्या धड्याला मी अजून मॉडेल लावलेलं नाही. तिथे गंगोत्रीचा परिसर गुगल अर्थवर दाखवते आणि यू आकाराची दरी फळ्यावरच काढते.