खान्देशच्या थंडीसाठी जुनी आलिशान गाडी: थ्री सीरीज घ्यावी की सुपर्ब?

दिवाळी झाली, कापसाचे पैसे हाती आले, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागली, की जुन्या आलिशान गाडीचा विचार डोक्यात घोळायला लागतो. नव्या मध्यम गाडीच्या पैशात आठ-दहा वर्षांची बीएमडब्ल्यू ३२०डी, म्हणजे थ्री सीरीजची डिझेल, मिळते, नाहीतर तेवढ्याच वयाची स्कोडा सुपर्ब डिझेल. दोन्हींचा कागदावरचा हिशेब तुम्ही पाहिलेलाच असणार. इथे एवढंच बघू, की नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे पाचला घर सोडणाऱ्या माणसाला यातली कोणती पुरी पडते.

आपली थंडी आधी नीट समजून घेऊ. धुळ्याला पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो, पण पहाटेपुरता. त्याच दिवशी दुपारी ३० च्या आसपास असतो. रस्ता गोठत नाही, त्यामुळे थ्री सीरीजसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी थंडीत घसरते ही भीती इथे फारशी लागू नाही. इथे आडवं येतं ते धुकं. सावदा-रावेर पट्ट्यात थंडी वाढली की केळीच्या बागांत रात्री शेकोट्या पेटवून धूर करतात. तो धूर तापीकाठच्या धुक्यात मिसळला की बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. शहादा-तळोद्याकडे त्याच धुक्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, कितीतरींना मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ट्रॉली एकदम पुढ्यात येते, तुम्ही स्टेअरिंग डावीकडे घेता, चाक साईडपट्टीवर उतरतं आणि डांबराची तुटकी कड टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, कापते. हिवाळ्यासाठी गाडी निवडताना माझ्या मते सगळ्यात आधी या प्रसंगाचा विचार करावा.

३२०डी कंपनीतून रनफ्लॅट टायरवर येते. या टायरची बगल इतकी जाड की हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. धुक्यात रस्त्याच्या कडेला, मागून येणाऱ्या ट्रकच्या तोंडी जॅक लावत बसावं लागत नाही, ही मोठी सोय आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. अडचण त्यानंतर सुरू होते. साधा खिळा लागला तरी पारोळ्या-एरंडोलच्या पंक्चरवाल्याकडच्या साध्या मशीनवर रनफ्लॅट रिमवरून उतरत नाही. पहारीने उतरवायला गेलं तर टायरची कडा फाटते आणि अलॉय ओरबाडतं. हवेशिवाय बरंच अंतर पळालेला टायर आतून दळला जातो, तो पंक्चर काढून पुन्हा वापरू नये. बगल कापली असेल तर दुरुस्तीचा प्रश्नच नाही. मग नवा टायर. त्या मापाचा रनफ्लॅट जळगाव-धुळ्याच्या दुकानात तयार मिळेल असं धरून चालू नका. तो नाशिक-पुण्याहून येईपर्यंत गाडी उभी, आणि साध्या टायरपेक्षा पैसेही बरेच जास्त. थ्री सीरीजचा स्पोर्टी प्रकार, एम-स्पोर्ट, घेत असाल तर चारही टायरवरची मापं वाचा. पुढे २२५/४५ आर१८ आणि मागे २५५/४० आर१८ असेल, तर पुढचं चाक मागे टाकून वेळ भागवायचीही सोय उरत नाही.

बगलेचा हिशेब मापावरूनच निघतो: पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बगल त्या रुंदीच्या किती टक्के. २५५/४० ची बगल १०२ मिलिमीटर भरते, थ्री सीरीजच्याच २२५/५० आर१७ ची साधारण ११२ आणि सुपर्बच्या २१५/५५ आर१७ ची ११८. १०२ आणि ११८ मध्ये फरक बोटभर जाडीचाच, पण तुटक्या कडेवर आणि गावच्या गतिरोधकावर तेवढाच कामाला येतो.

रनफ्लॅट काढून साधे ट्यूबलेस बसवणारेही बरेच आहेत. गाडी कमी आदळते, पंक्चर कुठेही निघतं. पण थ्री सीरीजच्या डिक्कीत पूर्ण मापाच्या स्टेपनीसाठी खळगा नाही, म्हणून ती सामानाच्या जागेत आडवी टाकावी लागते. लग्नाला निघालेल्या घरात आहेराच्या पिशव्या मग मांडीवर येतात. सुपर्बला फरशीखाली स्टेपनी आणि वर सगळी डिक्की मोकळी. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. ज्याला रोज जळगाव–भुसावळ चौपदरी रस्त्यावरच जायचं आहे, त्याचा वेगळा लागू शकतो.

टायरचंच आणखी थोडं. पारा ५-६ अंशांनी उतरला की हवेचा दाब साधारण १ पीएसआय घटतो. म्हणजे दुपारी ३० अंशांत ३३ भरलेली हवा पहाटे ८ अंशांत २९ दिसते. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. बगलेवर ‘DOT’ (डीओटी) या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ३११९ म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. आपल्या उन्हात सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी लाकडासारखा कडक होतो आणि दवाने ओल्या घाटात ब्रेकला साथ देत नाही. विक्रेत्याने चार नवे टायर घातलेले दिसले तरी हे आकडे वाचाच.

हीटरच्या बाबतीत मात्र सुपर्बची बाजू लंगडी आहे. फोक्सवॅगन-स्कोडा गटातल्या त्या काळच्या बऱ्याच गाड्यांच्या कूलंटच्या बाटलीत सिलिकेटची, म्हणजे गंजरोधक दाण्यांची, पुडी असते. ती वर्षांनी फुटते आणि तिचा चुरा हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. त्यात आपल्याकडची सवय वाईट. मे महिन्यात ४५ अंशांत पातळी कमी दिसली की पंपावरचं बोअरचं पाणी ओतलं जातं. त्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत थर धरतात. उन्हाळाभर कुणाला कळत नाही, कारण हीटर कुणी लावतच नाही. तपासणी सोपी आहे. गाडी १५-२० मिनिटं चालवा, काटा ९० वर येऊ द्या, दोन्ही बाजूंचं तापमान सगळ्यात वर न्या आणि चारही जाळ्यांपुढे हात धरा. एका बाजूने गरम आणि दुसरीने कोमट हवा आली, तर हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) तुंबला आहे किंवा आतली झडप अडकली आहे. झडपेची मोटर परवडते. कोअर बदलायचा तर बऱ्याचदा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. बाटलीतला रंगही बघा. स्कोडाचा कूलंट गुलाबी-जांभळा, बीएमडब्ल्यूचा निळा. पाण्यासारखा फिका किंवा विटकरी असेल तर किमतीत घासाघीस करायला हा मुद्दा पुरतो.

हीटर एवढा महत्त्वाचा का? पाच माणसं गाडीत बसली की धुक्यात काच आतून धुरकटते. त्यावर उपाय म्हणजे एसी चालू, तापमान २४-२५, हवा काचेवर आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण बंद. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर काच गरम ठेवतो. दोन्ही लागतात. कॅबिन फिल्टर धुळीने बुजला असेल तर दोन्ही असून उपयोग नाही, आणि आपल्याकडे तो दहा हजार किलोमीटरमध्येच बुजतो.

दिव्यांत दोन्ही गाड्यांना एकच खोड आहे आणि ती धोक्याची आहे. दिव्यांची खटकी ‘ऑटो’वर असली की दिवसाच्या पांढऱ्या धुक्यात सेन्सरला उजेड पुरेसा वाटतो. पुढचे दिवसाचे दिवे लागतात, मागे अंधार. तुम्हाला वाटतं दिवे चालू आहेत, मागच्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही. धुक्यात खटकी हाताने लो-बीमवर आणायची आणि मागचा धुक्याचा लाल दिवा लावायचा. धुकं सरलं की तो लाल दिवा बंद करा, नाहीतर मागच्याच्या डोळ्यांवर येतो. पुढच्या धुक्याच्या दिव्यांत बल्ब असेल तर पिवळा बसवून घ्या. डोळ्यांना तो कमी टोचतो असा माझा अनुभव. हेडलाइटची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर १०००, २००० आणि ३००० नंबरच्या पाणपेपरने घासून पॉलिश करता येते, पण वर यूव्हीचा थर दिला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

पहाटे सुरू होण्यात दोन्ही भरवशाच्या, फक्त गाडी थंड असताना बघायला जा. सकाळी सहाची वेळ घ्या आणि बॉनेटवर हात ठेवून बघा. आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू होताच इंजिन अर्धा मिनिट थरथरलं आणि पांढरा धूर सोडला तर एखादा ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन आतून तापवणारा) गेलेला असू शकतो. बॅटरीला उन्हाळा मारतो आणि थंडी उघडी पाडते. मल्टिमीटर लावा: रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट हवेत, आणि सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरने तिची नोंद करावी लागते. ती केली नाही तर गाडी जुनी बॅटरी समजूनच चार्ज करत राहते आणि नवीही लवकर जाते.

त्याच थंड सुरुवातीला ३२०डीच्या इंजिनाच्या मागच्या बाजूने, गिअरबॉक्सकडून, साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का ऐका. २०१६ च्या आधीच्या गाड्यांतल्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन मागे असते. ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवायचं, आणि हे काम जळगावात कुणाकडेही टाकावं असं नाही. म्हणून घ्यायचीच तर २०१६ च्या फेसलिफ्टची घ्या, त्यात बी४७ इंजिन आहे. सुपर्बला साखळीऐवजी टायमिंगचा पट्टा आहे. बदलल्याचं बिल नसेल तर पट्टा, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलायचे असं धरून भाव करा. तिच्या डिझेलमधला सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तेलात बुडालेला असतो आणि टिकतो, पण दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदललेच पाहिजेत. त्याचीही बिलं मागा. १.८ पेट्रोलमधला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी वेगळा, आपल्या उन्हाळ्यात मी तो टाळेन. थ्री सीरीजचा आठ गिअरचा बॉक्स दोघांत सरस आहे, यात वाद नाही. कन्नड घाट उतरताना ती गाडी हातात कशी बसते, हे एकदा चालवल्यावर विसरता येत नाही.

पण लग्न असतं मळ्यात. गाड्या लागतात बांधाच्या कडेला, शेजारी गव्हाला पाणी चालू, पाट फुटलेला. काळ्या मातीत मागची चाकं जागेवरच फिरतात आणि गाडी बसत जाते. पुढच्या चाकांवर इंजिनाचं वजन असलेली सुपर्ब बऱ्याचदा निघून येते. नाहीच निघाली तर ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरने मातीतून बाहेर काढण्यापुरतंच ओढायचं. बंद पडलेली ऑटोमॅटिक चारही चाकांवर ओढत नेली तर गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही आणि आतलं सगळं कोरडं घासतं. सुपर्बची पुढची चाकं उचलून नेता येतात. थ्री सीरीजसाठी सपाट पाठीची टोइंग गाडीच हवी, आणि ती पहाटे धडगावच्या रस्त्याला मिळेल का, याचा विचार तुम्हीच करा.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे १० वर्षांपुढच्या डिझेलवर बंदीचे आदेश निघाले. एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब केला तर बऱ्याचदा फारसं काही उरत नाही.

सुपर्बच घ्यायची ठरली तर पैसे देण्याआधी डिक्कीचा गालिचा उचला. स्टेपनी बाहेर काढून हवा मोजा आणि तिचंही वर्ष वाचा. तिचं माप बाकी चाकांपेक्षा लहान असेल तर लिहिलेल्या वेगमर्यादेतच चालवायची. जॅक, पाना आणि बंपरमध्ये फिरवून बसवायचा ओढकडा आहे का बघा. शेवटी प्रत्येक चाकाचा एक बोल्ट वेगळ्या तोंडाचा, चोरी टाळण्यासाठीचा, आहे का तपासा. त्याची चावी बोटभर लांबीची असते आणि तीच बहुतेक वेळा आधीच्या मालकाच्या घरी राहिलेली असते. ती हातात आल्याशिवाय आणि एक चाक समोर उघडून बघितल्याशिवाय मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करू नका.