कार्डावर ५१२ जीबी, आत फक्त ३२

बनावट मेमरी कार्डाची फसवणूक पहिल्या दिवशी कळत नाही, आणि विकणाऱ्याचा सगळा डाव त्यावरच असतो. मोबाईलवर जाहिरात दिसते: ५१२ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड नऊशे रुपयांना, पैसे घरी आल्यावर द्या. पाकीट हुबेहूब असतं. स्टीम डेकमध्ये, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, घातलं की जागाही पूर्ण दिसते, पहिला गेम उतरतो आणि चालतो. मग तिसरा-चौथा गेम अर्ध्यावर अडकतो आणि कालपर्यंत नीट चालणारा पहिलाही उघडेनासा होतो. तोवर माल परत करायची मुदत संपलेली असते.

अशा कार्डात खरी मेमरी ३२ जीबीचीच असते. तिच्या कंट्रोलर चिपमध्ये ५१२ ची खोटी नोंद घातलेली असते. यंत्र त्या आकड्यावर विसंबून लिहीत राहतं. खरी जागा संपली की पुढचा डेटा एक तर गायब होतो, नाहीतर फिरून सुरुवातीच्या डेटावरच चढतो. म्हणून जुना गेमही मरतो. कितीही वेळा फॉरमॅट करा, नोंद खोटीच राहते. उलट, अस्सल ५१२ जीबी कार्ड विंडोजवर ४७६ च्या आसपास दिसतं. तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

तपासायचा भरवशाचा मार्ग एकच: कार्ड काठोकाठ भरून परत वाचणं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३, हे दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात. कार्ड रिकामं असू द्या आणि चाचणी पूर्ण जागेवर लावा. १ जीबीच्या चाचणीत बनावट कार्डही पास होतं, कारण पहिली जागा खरीच असते. ५१२ जीबीला सुमारे चार तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. आणि हे डेकमध्ये घालण्याआधी करा. डेक कार्ड ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करतो, मग विंडोजला ते वाचता येत नाही.

निन्टेन्डोचं स्विच २ हे हातातलं गेमिंग यंत्र वापरणाऱ्यांची फसवणूक वेगळ्या तऱ्हेने होते. 'स्विचला चालतं' म्हणून साधं कार्ड गळ्यात मारतात. ते अस्सल असलं तरी स्विच २ वर त्यात गेम ठेवता येत नाहीत, जुन्या स्विचचे फोटो-व्हिडिओ तेवढे घेता येतात. गेमसाठी मायक्रो एसडी एक्सप्रेसच लागतं. त्याच्यावर 'ईएक्स' अशी खूण असते आणि मागे पिनांची दुसरी ओळही असते.

चार्जरवर पुढे मोठ्या अक्षरात ६५ वॅट लिहिलेलं पाहून पैसे देऊ नका. मागची बारीक अक्षरं वाचा: आउटपुटमध्ये १५ व्होल्ट ३ अँपिअर असेल तरच डेकला लागणारे ४५ वॅट मिळतील. स्क्रीन गार्ड घेताना मॉडेल सांगा, जुना डेक ७ इंचांचा आणि ओलेड स्क्रीनचा ७.४ इंचांचा.

स्विच आणि स्टीम डेक कंपन्या भारतात अधिकृतपणे विकत नाहीत. त्यामुळे माल आयात करणाऱ्यांच्या हातून येतो आणि 'बिल नको, दोनशे कमी करतो' हे बोलणं कानावर पडतंच. पक्कं जीएसटी बिल घ्याच, त्यावर कार्डाची क्षमता लिहून घ्या. पार्सल फोडताना न थांबवता व्हिडिओ काढा. पाकीट, यूपीआयची पावती आणि चाचणीच्या निकालाचा फोटो जपून ठेवा.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे कोल्हापुरात घेतलंत किंवा माल दिल्लीहून आला, तरी अडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे निपाणी-खानापूरकरांना बेळगावातच. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पैसे आगाऊ भरले आणि वेबसाइटच गायब झाली असेल, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तिथे जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.